तिनं नाव घेतलं

आमच्या नर्सिंग कॉलेजात ती यंत्रं आली तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होते. तळहातावर मावणारी, पडद्यावर बारक्या काडीनं टिचक्या मारायची. परदेशातल्या कुठल्याशा कॉलेजनं पाठवलेली. तंजावुरात तेव्हा मोबाइलसुद्धा मोजक्या लोकांकडे होता, त्यामुळे आमचा रुबाब विचारू नका. चार पोरींत एक यंत्र आणि त्यावरून रोज भांडणं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण आमच्या मॅडमचे ते नऊ दिवस काही संपेनात. पाठवणारे पाहुणे पुढच्या आठवड्यात बघायला येणार होते. वॉर्डात कागद दिसला की मॅडम तो ओढून घेत.

त्या दिवशी यंत्र माझ्याकडे होतं आणि माझ्याकडे एक बाई होती. पापनाशम गावाकडची, चाळिशीची. नवऱ्याच्या मोपेडवर मागं बसून येताना कालव्याच्या बांधावरून पडली, डोकं आपटलं. वर जखम लहान होती, टाके घातले होते. चोवीस तास लक्ष ठेवा, काही झालं नाही तर उद्या घरी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोक्याच्या आत हळूहळू रक्त साठत गेलं तर माणूस बोलता बोलता जातं, हे आम्हांला वर्गात शिकवलं होतं. म्हणून दर तासाला तिला प्रश्न विचारायचे आणि उत्तरं यंत्रात भरायची. हे कुठलं गाव? आज वार कोणता? नवऱ्याचं नाव काय?

पहिल्यांदा विचारलं तेव्हा गाव सांगितलं, वार सांगितला. तिसऱ्या प्रश्नाला बाईनं पदर तोंडावर ओढला, भिंतीकडे वळली आणि हसत हसत नवऱ्याकडे बोट केलं. तुम्हीच सांगा म्हणून. ते मराठीत म्हणाली, तेव्हा कळलं की ही माणसं आमच्यातलीच, तंजावुरी मराठी. मी घरच्या बोलीत उत्तर दिलं तशी दोघं खूश झाली. नवरा म्हणाला, लग्नात सगळ्यांनी उंबऱ्यावर अडवून धरली होती, तरी हिनं नाव घेतलं नाही, तुमचं यंत्र काय घेववणार! तो हसत होता, पण मोपेड आपण चालवत होतो हे त्याच्या चेहऱ्यावरून जात नव्हतं.

यंत्रात दोनच चौकोन होते, उत्तर दिलं आणि उत्तर दिलं नाही. मी दुसऱ्यावर टिचकी मारली. एक गुण कमी झाला आणि वर पिवळी पट्टी आली. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, खेड्यातल्या बायका नाव घेत नाहीत हे काय मला माहीत नाही? लाजेला चौकोन नाही, जे आहे ते भर. मग दर तासाला तेच. ती लाजायची, मी हसायचे, पट्टी पिवळी.

दुपारी तिनं थोडा दहीभात खाल्ला. त्यानंतर मी पुन्हा विचारलं. गाव सांगितलं. वार सांगितला, जरा उशिरानं. नवऱ्याचं नाव विचारलं तर नुसती माझ्याकडे बघत राहिली. पदराला हात लावला नाही, तोंड वळवलं नाही, हसली नाही. यंत्रात मात्र तोच चौकोन, तोच गुण, तीच पिवळी पट्टी.

मी मॅडमना सांगितलं, बाई लाजली नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच वेड लागलंय. जेवण झालंय, सुस्तावली असेल, म्हणाल्या. मी ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांकडे धावले. त्यांच्यापुढे बाहेरच्या रोग्यांची ही रांग. त्यांनी पडदा पाहिला. सकाळपासून एकच आकडा, रेघ सरळ. स्थिर आहे, म्हणाले, आणि पुढच्याला बोलावलं. असा राग आला मला! ते यंत्र उचलून कावेरीत भिरकावून द्यावं असं वाटलं. पण मी शिकाऊ पोर, माझं कोण ऐकणार?

नवरा व्हरांड्यात बसला होता. त्याला आत आणलं आणि म्हटलं, तुम्ही विचारा, मला फक्त ती लाजते का ते बघायचंय. मॅडमही मागून आल्या, माझी खोड मोडायलाच आल्या असाव्यात. तो तिच्यावर वाकला आणि थट्टेच्या सुरात म्हणाला, अगं, ही पोरगी माझं नाव विचारते बघ.

आणि तिनं नाव घेतलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत हजेरी द्यावी तसं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं.

माझ्या बोटानं सवयीनं पहिल्या चौकोनावर टिचकी मारली. पट्टी त्या दिवसात पहिल्यांदा हिरवी झाली. मॅडम म्हणाल्या, बघ, सुधारली की! पण नवरा पांढराफटक पडला होता. पलंगाची दांडी धरून तो म्हणाला, "डॉक्टरांना बोलवा. ही शुद्धीत नाही."

मॅडमनी समजूत घालायला तोंड उघडलं, तर तो असा ओरडला की डॉक्टर रांग सोडून आले. त्यांनी बॅटरीचा उजेड तिच्या डोळ्यांत टाकला. दुपारी मी पाहिल्या तेव्हा दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या. आता एक मोठी झाली होती. डॉक्टर स्वतः गाडी सांगायला पळाले. आमच्याकडे डोकं उघडायची सोय नव्हती, तिरुचीला न्यायचं होतं. तिची बोली येते म्हणून मॅडमनी मला बरोबर धाडलं.

गाडीत ती त्याला नावानं हाका मारत राहिली. परसात गेलेल्या पोराला बोलवावं तशा. आणि तो दर हाकेला ओ देत राहिला. त्याचे डोळे वाहत होते, पण आवाज त्यानं साधा ठेवला होता. मी तिची नाडी धरून बसले होते आणि ती मंदावत चाललेली मला कळत होती. शहर दिसू लागलं तेव्हा हाका थांबल्या. तो दचकला, तिचा गाल थोपटू लागला.

"घे गं," म्हणाला, "घे ना नाव. एकदा घे."

तिनं घेतलं नाही. दवाखान्याच्या दारात तिला आत ओढून नेलं, तेव्हाही तो स्ट्रेचरबरोबर पळत तेच म्हणत होता.

ती वाचली. तिथले डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हात टेकले असते. मी तिथंच बाकावर बसून हुंदके देऊन रडले.

काही आठवड्यांनी दोघं दाखवायला आमच्याकडे आली. डोक्यावरचे केस भादरलेले, त्यावरून पदर घट्ट ओढलेला. तिला त्या दुपारचं काही आठवत नव्हतं. मी तिच्याशी बोलू लागले तसं त्यानं मला खांबाआड बोलावलं. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "पोरी, तिनं नाव घेतलं ते तिला सांगू नको हं. लाजेनं मरेल."