बावीस कांड्या

पाचपावलीच्या पोटात ताणेवाली गल्ली नावाची एक गल्ली आहे. पाटीवर तिचं दुसरंच भारदस्त नाव लिहिलंय, पण ते कुरियरवाल्यालाच ठाऊक, आणि तोही शेवटी ‘ताणेवाली कोणती जी?’ असंच विचारतो.

एके काळी इथे सकाळच्या प्रहरी रस्ताभर लाकडी खुंट रोवून साडीचा ताणा, म्हणजे उभं सूत, पसरत. ताणा एकट्याला ओढता येत नाही. एक टोक तुमच्या हातात, तर दुसरं शेजाऱ्याच्या. म्हणून भांडण काढायचं असेल तर दुपारनंतर, असा गल्लीचा कायदा होता. वर्षातून एकदा, त्रिपुरी पौर्णिमेला, ताण्याला सुट्टी. त्या संध्याकाळी त्याच खुंटांवर दिवे लागत, आणि नियमही ताण्याचाच: आपला दिवा आपण मांडायचा, पेटवायचा मात्र शेजाऱ्यानं. पाच घरांचे दिवे झाले तर ती ओळ. पाचाखाली नुसतेच दिवे.

माग गेले. रस्ता सिमेंटचा झाला, तेव्हा नत्थूजी धकाते यांनी खुंट उपटून घरी आणले आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरून त्यांत उभे केले. नत्थूजी पंधराव्या वर्षी मागावर बसले आणि पंचेचाळिसाव्या वर्षी उठले. माग विकला गेल्यावर उठावंच लागतं. पुढची वीस वर्षं धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या दारात ते वॉचमन होते. लोकांना आत सोडायचं नाही, हे तिथलं काम. आता बहात्तराव्या वर्षी त्याच माणसाला लोकांना घराबाहेर काढायचं होतं.

मागच्या वर्षी जेमतेम सात दिवे लागले. उन्हाळ्यात जनाबाई, म्हणजे नत्थूजींची बायको, गेली. यंदा ओळ मोडली तर ती आपल्या हातून मोडली असं होईल, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं.

माणसं गोळा करायची रीत ठरलेली. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात बसते तसली लाकडी कांडी घ्यायची, तिच्यावर लाल सूत गुंडाळायचं, हळदीकुंकवाचं बोट लावायचं आणि भल्या पहाटे घराघराच्या उंबऱ्यावर ठेवून यायचं. बोलायचं नाही. बोललं की माणसाला सबबी सुचतात. ज्याला जमणार नाही त्यानं दिवस मावळायच्या आत कांडी परत आणून द्यायची. ठेवून घेतली म्हणजे शब्द दिला.

पौर्णिमेच्या आठ दिवस आधी नत्थूजींनी बावीस कांड्या ठेवल्या. दिवस मावळला. एकही परत आली नाही.

“बावीसच्या बावीस!” समोरच्या पंचफुलाबाईला त्यांनी सांगितलं. “एकानंबी नाही म्हटलं नाही.”

पंचफुलाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. “या गल्लीत नळाले पाणी आलं तरी बावीस जण बाहेर येत नाही गा, नत्थूभाऊ. नीट पाह्यलं का?”

“तुले तर कोनाचं चांगलंच दिसत नाही.”

“दिसते न. मोतीबिंदू काढल्यापासून लईच दिसते.”

नत्थूजींनी बावीस पणत्या आणल्या, वाती वळल्या. दुसऱ्या दिवशी मोहित मोबाईल घेऊन आला. हा हिंगण्याच्या कंपनीत कामाला आणि गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन. गल्लीत निवडून न येता मिळणारं हे एकच पद.

“काकाजी, ते लाल धाग्याच्या काड्या तुमी ठेवल्या का?”

“काड्या नाही बे, कांड्या.”

“मंग खल्लास.” मोहितनं कपाळाला हात लावला. “सारे म्हणून राहिले कोणी करणी केली. हे पाहा, भाडेकरूनं फोटो टाकला. ‘दरवाजे पे टोटका, हाथ मत लगाना.’ चाळीस जणायनं हात जोडले खाली.”

गल्लीत आता निम्मे भाडेकरू, आणि जे जुने होते त्यांच्या सुनांनी माग कधी पाहिला नव्हता. कुणी कांडी झाडूनं सरकवली, कुणी चिमट्यानं उचलली. सगळ्या एका पिशवीत भरून चौकातल्या कडुनिंबाखाली टाकल्या होत्या, वर दोन लिंबं पिळून.

नत्थूजी मोहितला घेऊन चौकात गेले, झाडाखाली उकिडवे बसले आणि एकेक कांडी धोतराला पुसू लागले. शेजारून जाणाऱ्या बाईनं लेकराला कडेवर घेतलं आणि रस्ता बदलला. मोजल्या तर एकोणीस भरल्या. तीन नव्हत्या.

“म्हणजे तीन घरायनं ठेवल्या,” ते मोहितला म्हणाले. “तीन ते, चौथं माहं. एक पाह्यजे.”

मोहितनं खाली पाहिलं. त्याच्या घरची कांडी त्या पिशवीतच होती. त्याच्या आईनं लिंबू पिळलं होतं. “द्या इकडे,” तो म्हणाला. “फस्ट शिफ्ट आहे माही. येतो मी.”

पाच झाले. तरी नत्थूजी आठवडाभर दारोदार हिंडले. कुणी चहा पाजला, कुणी पंख्याखाली बसवलं. एका घरी उत्तर मिळालं, “आमी सेन्सरवाली माळ लावली न काकाजी. अंधार पडला का आपोआप लागते, शेजाऱ्याची गरजच नाही.”

“तेच तर,” नत्थूजी म्हणाले आणि चपला घालून निघाले.

पौर्णिमेला दिवस बुडता बुडता त्यांनी पाच डबे मांडले. पंचफुलाबाई आपली कांडी कमरेला खोचून आली. मोहित कंपनीच्या शर्टातच आला. मग टोकाच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी प्रियदर्शनी आली, धंतोलीत नर्स आहे ती.

“तू काहून नाही फेकली वं?” पंचफुलाबाईनं विचारलं.

“माझी आजी उमरेडची. कांड्या भरायची. आम्ही खेळायचो न त्यानं.”

“बस, एक येऊ द्या,” नत्थूजी म्हणाले. तिसरी कांडी कुणाकडे, ते त्यांनाही माहीत नव्हतं. ते प्रत्येक दाराकडे पाहत होते. दारांवर सेन्सरच्या माळा एकेक करून लागल्या, निळ्या, हिरव्या. दार कुठलंच उघडलं नाही.

“आजोबा, आठला ड्यूटी आहे माझी,” प्रियदर्शनी हळूच म्हणाली.

“तेल घेऊन येतो,” म्हणून ते घरात गेले. तेलाची बाटली देवळीत, जनाबाईच्या फोटोजवळ. बाटली उचलली तर मागे कांडी. लाल सूत, हळदीकुंकू. दरवर्षी पहिली कांडी ते जनाबाईच्याच हातात देत. त्या पहाटेही पहिली तिच्यापुढे ठेवली होती आणि ते पार विसरून गेले होते. आपलं एकच घर त्यांनी दोनदा मोजलं होतं.

ते बाहेर आले तेव्हा पंचफुलाबाईनं विचारलं, “आला का गा पाचवा?”

“नाही येत.”

“मंग जनाचा लाव. कोन मोजाले येते?”

“घर एकच आहे, पंचफुला.” त्यांनी पाचवा डबा उचलून भिंतीशी नेऊन ठेवला.

चार दिवे लागले. नत्थूजींनी पंचफुलाबाईचा लावला, तिनं मोहितचा, त्यानं प्रियदर्शनीचा. प्रियदर्शनीनं नत्थूजींचा लावला. वारा नव्हता. माळांच्या उजेडात ज्योती नीट दिसतही नव्हत्या. मोहितनं फोटो काढून ग्रुपवर टाकला, आणि तो घरी पोचेपर्यंत सव्वीस अंगठे आले.

प्रियदर्शनी निघाली तेव्हा तिच्या हातात कांडी तशीच होती. “ही ठेवू का मी?”

“ठेव न. पण ठेवली म्हणजे पुढच्या साली येणं लागते.”

ती थोडा वेळ कांडीवरचं सूत बोटानं सारखं करत राहिली. दवाखान्यातला तिचा करार मार्चमध्ये संपत होता, पुढे कुठे ते ठरलं नव्हतं. मग तिनं कांडी नत्थूजींच्या तळहातावर ठेवली. खोटं बोलली नाही, एवढं बरं.

“बराबर,” नत्थूजी म्हणाले. “असीच द्यायची असते परत.”