सात हातांची तुळई

पाटणच्या ताम्रकार आळीत, माहेरच्या घराच्या शेवटच्या शिडीखाली सजनी उभी होती. वर जुनं छप्पर बांबूंच्या टेकूवर तोलून धरलेलं, आणि नवी तुळई पलीकडच्या भिंतीपर्यंत पोहोचतच नव्हती.

नकाशा तिचाच. आईची नजर अधू झाली, अंधाऱ्या स्वयंपाकघरात दोनदा हात भाजला, तेव्हा धाकटा भाऊ पूर्णरत्न तिच्याकडे धावला. वरचा मजला चौकाच्या अंगाने वाढवायचा, छपरात काच बसवायची, असं तिने आखून दिलं; पण जागा न बघता. इथे स्वयंपाकघर सगळ्यात वर, आणि जातीबाहेर लग्न केलेल्या लेकीने चुलीपाशी जायचं नाही. नऊ वर्षं ती याच शिडीखालून परत जात होती. शंभर घरांचे नकाशे काढणारी बाई, पण हे तेवढं मुकाट ऐकत आली.

मापं बांनी, तिच्या वडिलांनी, घेतली. घर धन्याच्याच हाताने मोजायचं, म्हणून टेप झिडकारून, कोपरापासून बोटापर्यंत मोजून त्यांनी सात हात सांगितले. सजनीने हाताचे अठरा इंच धरले. बांचा हात निघाला वीस इंचांचा. तुळई चौदा इंच आखूड पडली. बापाचा हात केवढा, हे पोटच्या पोरीने विसरावं! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर टेकू करकरला. "तता, काय करायचं ते लवकर सांग," पूर्णरत्न वरून थोरल्या बहिणीला ओरडला.

"बघितल्याशिवाय कसं सांगू?"

बा शिडीच्या वाटेतच उभे होते. एवढ्यात आई शिडीच्या वरच्या तोंडाशी आली.

"वर ये, मैया, माझ्या लेकी. चूल मी कालच उपसून टाकली. चूलच नाही, तर अडवायचं कशाला?"

 बांनी बाजूला होऊन शिडी धरली.

वर जाऊन सजनीने एका नजरेत अंदाज घेतला आणि भिंतीला लागून विटांचा खांब रचायला लावला. तासाभराने तुळई त्यावर टेकली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

आईने जवळ येऊन हळूच विचारलं, "अजून किती दिवसांचं काम?"

"चार."

"मग पुन्हा चूल मांडावी लागेल." आईने तिचा हात धरला. "आठ दिवस लाव. तोवर आम्ही कोरडे पोहे खाऊ."