मोकळ्या हातांची पट्टी

छातीतली गाठ साधी निघाली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. मला तेव्हा चाळिशी लागलेली, राहायला आम्ही मंगळवार पेठेत. गाठ काढून टाके घातले आणि घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, जखम कोरडी आणि स्वच्छ ठेवा. पू धरला तर टाके उघडून पुन्हा पहिल्यापासून सगळं. त्या ‘पुन्हा’ची मला गाठीपेक्षा जास्त धास्ती.

पट्टी एक दिवसाआड बदलायची होती. ते काम माझ्या जावेनं अंगावर घेतलं. गल्लीतच एक सिस्टरबाई राहायच्या, त्यांनी तिला शिकवलं. नखं काप, कोपरापर्यंत साबणानं हात धू आणि बांगड्या काढून ठेव.

“बांगड्या?” जाऊ उडालीच. “सवाष्णीनं हात मोकळं करायचं व्हय? धनी धडधाकट हाय की माझा!”

मग तिनंच तोड काढली. बांगड्या कोपराकडं सारून वरनं रुमाल करकचून बांधला. सिस्टरबाईंना काही ते पटलं नाही.

तिसऱ्या पट्टीला त्या मुद्दाम बघायला आल्या आणि नेमका तेव्हाच रुमाल सुटला. बांगड्या खळकन घसरून जखमेवर! सिस्टरबाईंनी जावेचा हात धरून वर उचलला. बांगडीला आतनं भाकरीचं पीठ चिकटलेलं.

“अगं, जखमेला भाकरी भरवतीस व्हय?” त्या म्हणाल्या.

मी हसले. पण टाक्यांची एक कड लालसर झालेली त्यांना दिसली आणि माझं हसू तिथंच विरलं. त्यांनी जखम पुसून घेतली. “पू नाही अजून. पण लाली पसरली किंवा ताप आला, तर लगेच दवाखाना गाठायचा.”

सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “माझं हात मोकळंच हैत की.”

मामंजींना जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेजारच्या बारशाला गेल्या तरी सासूबाई पाळण्याला हात लावत नसत, ओटी भरायच्या वेळी आपण होऊन आत जाऊन बसत. जावेला रडूच फुटलं.

“रडतीस कशाला? साबण दे हिकडं.”

आणि काय हात धुवायच्या, बाई! धुतले की दोन्ही हात वर धरून मोरीतनं चालत यायच्या, वाटेत पोटचा पोरगा आला तरी ओरडायच्या, “सरका पावणं!” पुडक्यातला गॉज कडेला धरून उचलायच्या. मी बोलाय लागले की, “तोंड मिट, थुका उडतोय.” काढलेली पट्टी कागदात गुंडाळून थेट बंबात.

मी मात्र रोज कपाळाला हात लावून ताप बघायची. ताप आला नाही. लाली हळूहळू ओसरली.

टाके काढायच्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी उचलली. जखम कोरडी ठणठणीत! “पट्टी कोण करत होतं?” त्यांनी विचारलं. “सासूबाई,” मी सांगितलं. “आता आंघोळ करा,” डॉक्टर म्हणाले.

घरी आले तर सासूबाई उंबऱ्यातच. “कोरडी हाय?”

“कोरडी.”

त्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. मग नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “मग हुबी का? बंब पेटवलाय, जा न्हाऊन घे. धा दिस झालं, वास मारायलीस!”