कुंपणाला होकार

लोकसहभाग हा शब्द कुणी काढला की माझं डोकं फिरतं. आमची ही म्हणते, एवढं चिडायला काय झालं, चांगला तर शब्द आहे. चांगलाच आहे. दोन हजार सालाच्या आगेमागे त्याच शब्दावर मी चार वर्षं पगार घेतला.

मी तेव्हा एका कन्सल्टन्सीत होतो, राहायला शारजात, अल नहदाला. किनाऱ्यावरच्या एका खाडीत तिवरांचं जंगल होतं. ते राखीव करायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं. त्या झाडांखाली पिढ्यान् पिढ्या मुळं कुजून काळ्या चिखलाचा जाड थर साचला होता. तो एकदा तुडवला, उकरला की संपलंच, आपल्या हयातीत काही तो पुन्हा साचत नाही. त्यामुळे कुंपण हवंच होतं. त्याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही.

भांडण होतं एका वाटेवरून. खाडीच्या तोंडाशी तिथल्या मूळच्या अरब मच्छीमारांची वस्ती होती, आणि त्या वस्तीत सगळ्यांत वडील असे एक म्हातारबुवा होते. भरती आली की ते होडी घेऊन तिवरांमधल्या एका अरुंद पाटातून आत जायचे. आत त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलेला काठ्यांचा सापळा होता, त्यात अडकलेले मासे घेऊन परत यायचे. तरुणपणी लाकडी गलबतावरून मुंबईला खेपा केलेल्या, त्यामुळे हिंदी फर्मास. "कुंपण लगाओ भाई, मगर एक नाव का रास्ता छोडो," एवढंच त्यांचं म्हणणं. बाकीची वस्ती त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती.

मला ते पटत होतं. एका होडीने चिखलाचं काय बिघडणार होतं? मी दोनदा तशी नोट दिली. दोन्ही वेळा बॉसने ती बाजूला सारली. वाट ठेवली तर राखीव कसलं, असं त्याचं उत्तर. पण वस्तीच्या वडिलांची सही नसेल तर प्रकल्प पुढे सरकत नव्हता, आणि सही आणणं हेच माझं काम. "यल्ला, चल नीघ, सही घेऊनच ये," असं सांगून त्याने मला तिसऱ्यांदा पिटाळलं.

त्या दिवशी सकाळी ट्रॅफिकमध्ये अडकू नये म्हणून मी काही न खाताच निघालो. मला पित्ताचा जुना त्रास. रिकाम्या पोटी चहासुद्धा चालत नाही, तिथे त्यांचा गावा म्हणजे वेलची घातलेली कडू कोरी कॉफी. म्हातारबुवांच्या बैठकीत सात-आठ माणसं बसली होती. आमचा ड्रायव्हर, तिथेच जन्मलेला बलुची, माझ्या शेजारी बसला. गाव्याची वाटी हातात आली. नको म्हटलं तर यजमानाला वाईट वाटेल, म्हणून आपल्याकडे करतात तेच मी केलं. हसून वाटी घेतली आणि न पिता हळूच समोर ठेवून दिली.

म्हातारबुवा त्या वाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बोलो, क्या चाहिए?"

मला वाटलं, चला, आज स्वतःहून मुद्द्यावर आले. मी कागद काढला आणि घडाघडा सांगून मोकळा झालो. खाडी पूर्ण बंद, वाट नाही, तुमची सही पाहिजे. मनातून मी नकाराचीच वाट बघत होतो. नकार मिळाला असता तर तिसरी नोट लिहिता आली असती.

त्यांचा मुलगा काहीतरी बोलायला गेला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. मग म्हणाले, "खलास. दे दिया. अब पियो." आणि त्यांनी सही केली. मी गावा एका घोटात संपवला. पित्त गेलं खड्ड्यात, म्हटलं. येताना गाडीत, एकदाचं काम उरकलं म्हणून, मी शीळ घालत होतो, हे आठवलं की आजही स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

कुंपण झालं. रिपोर्टात लोकसहभागाचं पान सगळ्यांत देखणं होतं, आणि ते मीच लिहिलं होतं. काही महिन्यांनी ड्रायव्हर सहज बोलून गेला, "साब, तुमने उस दिन अच्छा खेला." मी म्हटलं, काय खेळलो? तेव्हा त्याने सांगितलं. पाहुण्याने वाटी न पिता खाली ठेवली, म्हणजे त्याचं काही मागणं आहे. ते पुरं केल्याशिवाय तो पिणार नाही. आणि घरी आलेला पाहुणा न पिता उठला, तर त्या घराची अब्रू गेली. इतकी वर्षं इथे काढलेल्या माणसाला हे माहीत नसेल, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बॉससमोर बसून सगळं सांगितलं. तो हसत सुटला. "फाइलमध्ये काय लिहू? ॲसिडिटी?" मी उठेना, तेव्हा म्हणाला, "त्याने स्वतः लेखी माघार घेतली तर वाटेचं बघता येईल." हा शब्द मी घट्ट धरला. माघारीचा अर्ज स्वतः टाइप केला आणि वस्तीवर गेलो.

होडी घराच्या भिंतीला टेकून पालथी पडली होती. दारात त्यांची सून दुकानातून आणलेला गोठवलेला मासा पातेल्यातल्या पाण्यात ठेवून नरम करत होती. म्हातारबुवा आत पडून होते. त्या काही महिन्यांत माणूस निम्मा झाला होता. भरतीची वेळ झाली की अजून उठून बसतात, असं सून म्हणाली.

मी त्यांच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. चाचा, ती वाटी ठेवून मी काही मागितलंच नव्हतं. माझं पोट बिघडलं होतं. मला तुमची रीत ठाऊक नव्हती. यावर सही करा, तुमची वाट परत मिळेल.

त्यांनी कागद हातात घेतला नाही. रागावले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

"मेरे बाप का पानी था," ते म्हणाले. "मैंने मेहमान को दिया. बस, यही एक बात बची है मेरे पास." मग माझा हात धरून हळू आवाजात म्हणाले, "ये पेट वाली बात मेरे बेटे को मत बोलना."

मी अर्ज घडी करून खिशात घातला. बाहेर मुलगा उभा होता, त्याने विचारलं, बाबांकडे काय काम होतं? मी म्हटलं, काही नाही, भेटायला आलो होतो.