चढावरचे लाल दिवे

कुराझोसान अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षं त्यांनी या डोंगरात टपाल वाटलं, आणि निवृत्त झाल्यावर एक छोटा पांढरा ट्रक घेतला. आता त्या ट्रकचं काम एकच: सोमवार, बुधवार, शुक्रवार बायकोला, मित्सुएसानना, खाली गावात डायलिसिसला नेणं आणि घरी आणणं. बस बंद होऊन सहा वर्षं झाली. ट्रक थांबला की दोघांना घर सोडून कोची शहरात लेकीच्या दोन खोल्यांत जावं लागणार, हे आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. तरी मी ते केलं.

ऑक्टोबरात दोनदा मी गाडीने त्यांच्या मागून घाट चढत होते, आणि त्यांचे ब्रेकचे दिवे वरपर्यंत जळतच होते. चढावर ब्रेक कोण लावतं? म्हटलं, म्हातारा पाय काढायला विसरतोय. युझूची लिंबं तोडताना बायकांत विषय काढला, तर आणखी तिघींनी तेच पाहिलेलं. पण तोंडावर कोण सांगणार? आमच्याकडे माणसाची चूक त्याला सांगत नाहीत, त्याच्या घरच्यांना सांगतात, आणि वर त्याला सभ्यपणा म्हणतात. मी त्यांच्या लेकीला, चिहारुला, फोन केला.

तिने लगेच बापाला कळवलं: रविवारी येते, पोलीस ठाण्यात जाऊन लायसन्स परत करू.

"भांडले असते तर बरं वाटलं असतं," मित्सुएसान कुंपणापलीकडून मला म्हणाल्या. "नुसते म्हणाले, चार जणांनी पाहिलंय, म्हणजे राहत असेल पाय ब्रेकवर."

फोन कुणी केला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या पुढे सांगतच होत्या.

"आणि माझ्यावर वेगळाच आळ. ट्रकच्या चटईवर रोज चुरा सापडतो, तर म्हणे तू चोरून खारी सेंबेई खातेस. अहो, डॉक्टरांनी मीठ बंद केल्यापासून मी त्या बिस्किटांचा वाससुद्धा घेतला नाही."

शुक्रवारी संध्याकाळी मी मुळे धुऊन घरी येत होते. कुराझोसानच्या ट्रकमागची भिंत लालभडक दिसत होती. ते स्वतः अंगणात वाळवणाची पर्सिमनची फळं सोलत बसले होते. पाय माझ्यासमोर, गमबुटांत, ट्रकपासून दहा पावलांवर.

"कुराझोसान, दिवे जळताहेत."

"कुठले?"

"ब्रेकचे. आणि चिहारुला फोन मी केला होता."

त्यांनी सुरी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलंच नाही, भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "टॉर्च धरा जरा."

ट्रकमध्ये पेडलाखाली उताणे शिरले, पाय बाहेर. पेडलाच्या दांडीला एक भोक असतं, त्यात नखाएवढी प्लास्टिकची टिकली बसवलेली असते. पाय काढला की पेडल वर येतं, टिकली स्विचची खुंटी दाबते आणि दिवे विझतात. ती टिकली जुनी होऊन पंधरा दिवस तुकड्यातुकड्यांनी गळत होती, म्हणून दिवे कधी विझत, कधी नाही. आता नुसतं भोक उरलं होतं आणि खुंटी त्यातून आरपार.

मित्सुएसान आल्या. चटईवरचा पिवळट चुरा तळहातावर घेऊन त्यांनी नवऱ्याच्या नाकासमोर धरला. "घ्या. चाखून बघा, खारट आहे का."

"चुकलं माझं," ते आतूनच म्हणाले.

"बाहेर येऊन म्हणा."

आले आणि म्हणाले.

शनिवारी मीच त्यांना माझ्या गाडीतून स्पेअर पार्टच्या दुकानात नेलं. खुंटीही वाकली होती, म्हणून टिकलीबरोबर नवा स्विच घेतला. घरी येऊन त्यांनी टिकली अंगठ्याने भोकात दाबून बसवली, तारांचा जोड काढला, पान्याने नट सैल करून जुना स्विच काढला. नवा फिरवत फिरवत खुंटी टिकलीवर टेकेपर्यंत आत घेतला, नट आवळला, तारा जोडल्या. मी ट्रकमागे उभी.

"लागले?"

"लागले."

"आता?"

"विझले."

दहा वेळा विचारलं. दहाव्यांदा विझले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी कमरेत वाकून माफी मागितली.

कुराझोसान फडक्याला हात पुसत होते. "मागून चौघी येत होत्या, सातोएसान. एकीनेही हॉर्न वाजवून थांबवलं नाही. मी स्वतःच्या पायावर संशय घेत झोपत होतो."

त्यांनी फडकं घडी करून ट्रकमध्ये ठेवलं.

"एक दिवस खरंच पाय राहील. तेव्हा आधी मला सांगा. लेकीला नंतर."

"सांगेन," मी म्हटलं.

रविवारी चिहारु आली. कुराझोसाननी तिला ट्रकमागे, मी उभी होते तिथेच उभं केलं, स्वतः पेडल दाबलं, सोडलं. ती जेवली, आईच्या हातचं लोणचं घेतलं आणि दुपारी कोचीला परत गेली. लायसन्स बापाच्या खिशातच राहिलं.

काल बुधवारी घाटात पुन्हा मी त्यांच्या मागे होते. वळणावर दिवे लागले, वळण संपलं, विझले. माझे डोळे तिथून हलत नाहीत हल्ली. ते दिवे एक दिवस विझणार नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. तो दिवस येऊच नये असं वाटतं. पण आला, तर मी हॉर्न वाजवणार आहे.