भरिताचा धूर

आमच्याकडे नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. पाचोऱ्याच्या आमच्या घरी टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे, आणि सोफ्यावर पाहुणा टेकला की आधी सोफाच कुरकुरतो. यावरून मी आईला किती चिडवलं असेन! हेच प्लास्टिक एक दिवस माझ्या मुळावर उठेल असं कोणी सांगितलं असतं, तर मी हसून सोडून दिलं असतं.

मी विजेची इंजिनिअर, तीही कंत्राटी. आमच्या भागातल्या छोट्या विमानतळाच्या जुन्या इमारतीला लागून प्रवाशांसाठी नवा हॉल बांधला, तेव्हा तिथल्या दिव्यांपासून आगीच्या घंटेपर्यंत सगळं माझ्या अंगावर होतं. हॉल उघडायच्या आधीची शेवटची तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. ती पार पडली तर मला पुढच्या कामावर घेणार होते, नाही तर घरी बसायचं होतं. तपासणीचे साहेब संध्याकाळच्या विमानानं मुंबईहून यायचे होते. माझं डोकं सकाळपासून इतकं तापलेलं की कोणी नमस्कार केला तरी मी "काय झालं?" म्हणून अंगावर जात होते.

छताचं काम शिंदखेड्याकडच्या टोळीनं केलेलं. त्यांचे मुकादम नाना, पिकलेल्या मिशांचे, कधीही आवाज न चढवणारे. काम संपलं की सगळ्यांना भरीत खाऊ घातल्याशिवाय ही माणसं गावाकडे तोंड करत नाहीत. मी नानांना बजावलं होतं, तपासणी होऊ द्या, मग जेवू. नाना "हो ताई" म्हणाले. खानदेशातल्या "हो"चा अर्थ "ऐकलं" एवढाच असतो, हे मी तिथलीच असून विसरले.

दिवस कलायला लागला तसा मला भाजक्या वांग्याचा वास आला. मी हॉलच्या मागच्या बाजूला धावले. कुंपणाबाहेर, आमच्या शेडपलीकडे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ धडधडत होता आणि त्यात बामणोदची हिरवी वांगी काळी पडत होती. वारा फिरलेला. सगळा धूर सरळ आमच्या भिंतीकडे येत होता, आणि त्या भिंतीत वातानुकूलन यंत्राचं बाहेरची हवा आत ओढणारं तोंड होतं.

"नाना! तुम्हाला सांगितलं होतं ना!"

"ताई, वांगा आज उनात. सकायपावत बठ्ठा नरमी जातीन."

वांगी आज आली, सकाळपर्यंत सगळी मऊ पडतील, म्हणून भरीत आजच! त्यावर मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. विझवा म्हणून ओरडले आणि आत पळाले. डोक्यात एकच गोष्ट होती. आता घंटा वाजणार. वाजली की इमारतीचे सगळे दरवाजे आपोआप उघडतात आणि सगळ्यांना बाहेर काढावं लागतं. विमान नुकतंच उतरलं होतं. शेजारच्या जुन्या हॉलमध्ये लोक सामानाची वाट बघत होते, आणि त्यांच्यातच ते साहेब.

नव्या हॉलमध्ये पाऊल टाकलं तर दारापासून लांब, आतल्या बाजूला धुराचा पातळ थर छताखाली तरंगत होता. मी भिंतीवरच्या घंटेच्या पेटीकडे बघितलं. हिरवा दिवा. सगळं शांत. मी हुश्श केलं, देवाचे आभारही मानले.

आणि मग लक्षात आलं. एवढा धूर, आणि घंटा गप्प का?

मान वर केली. धूर ओळखणारी यंत्रं, वाटीएवढी, छताला उलटी लावलेली. प्रत्येकावर बांधकामाची धूळ जाऊ नये म्हणून बसवलेली दुधी प्लास्टिकची टोपी. पांढऱ्या छतावर ती दिसतही नव्हती. मागच्या महिन्यातल्या चाचणीला दाराजवळची दोनच यंत्रं तपासली होती, त्यांच्या टोप्या मी स्वतः उतरवून घेतल्या होत्या. धूर अजून तिथवर पोचला नव्हता. बाकीच्या टोप्या छतवाल्यांनी उतरवायच्या होत्या.

नाना धापा टाकत मागे येऊन उभे राहिले होते. मी वर बोट दाखवलं.

"नवी वस्तू शे, ताई," ते म्हणाले. "उद्घाटन व्हवावर काढसूत म्हनीसन ठेवी दिध्यात."

मला माझ्या आईचा रिमोट आठवला आणि शिवी ओठांतच राहिली.

"धूर जाऊ द्या, मंग काढी लिसूत," नाना हळूच म्हणाले. "कोनले समजाव नही."

खरंच समजलं नसतं. खिडक्या उघडायच्या, सगळे गेल्यावर टोप्या उतरवायच्या, सकाळी साहेब चाचणीच्या धुराचा फवारा मारून दोन-चार यंत्रं बघणार, की झालं. माझं मन तिकडे धावलंच होतं. पण टोपीखाली यंत्र जिवंत आहे की नाही, हे त्या घडीला कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि खरा धूर मी पुन्हा कुठून आणणार होते?

"शिडी धरा," मी म्हटलं.

खिडकीकडच्या रांगेतल्या पहिल्या यंत्राची टोपी काढली. धूर त्याच्या तोंडाशी होता. काही नाही. खाली उतरले, शिडी सरकवली, दुसरी काढली. घंटा मुकीच. नानांनी शिडी घट्ट धरली. त्या रांगेतली तिसरी, चौथी. शुकशुकाट. मला रडू यायला लागलं. मघाशी जी घंटा वाजू नये म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते, तिनं आता वाजावं म्हणून मी तळमळत होते.

मग मधल्या रांगेत गेले. टोपी काढून खाली उतरते न उतरते तोच घंटा अशी कडाडली की नानांनी कानावर हात ठेवले. दरवाजे फटाफट उघडले. जुन्या हॉलमधली माणसं, पोरं, ट्रॉल्या, सगळं बाहेरच्या आवारात लोटलं. सुरक्षेचे जवान धावत आले. त्यांच्यामागे हातात बॅग घेतलेला एक करड्या केसांचा माणूस थेट माझ्याकडे आला.

"कशानं वाजली?"

"भरितानं, साहेब."

मी एका दमात सांगून टाकलं, कारण थांबले असते तर बोलले नसते. "मधली रांग वाजली. खिडकीकडची पूर्ण रांग मेलेली आहे. आणि बाकी सगळ्यांवर अजून टोप्या आहेत."

त्या रांगेची वायर छताच्या आत कुठेतरी तुटलेली निघाली. उद्घाटन पुढे गेलं. टोळीचं छत पुन्हा उचकटलं गेलं आणि मला पुढच्या कामावर कोणी बोलावलं नाही.

उद्घाटनाला मी गर्दीत मागे उभी होते. पाहुणे नव्या खुर्च्यांवर बसले आणि खुर्च्या कुरकुरल्या. त्यांचं प्लास्टिक कोणी काढलं नव्हतं. मला हसू आवरेना. कोणीतरी कोपरानं ढोसलं. धुतलेल्या टोपीतले नाना होते. ते खुर्च्यांकडे बघत नव्हते.

"ताई, वर देखा," ते म्हणाले. "बठ्ठ्या वाट्या उघड्या शेतस."