चिंचेने घासलेल्या पट्ट्या

वकीलसाहेबांच्या मोटारीत रेडिओ कारखान्यातूनच बसवून आला होता. नाशकात तशा गाड्या किती होत्या ठाऊक नाही. मी तरी ती एकच पाहिली. गाडी उभी असली की संध्याकाळी मुंबईचं केंद्र स्वच्छ ऐकू येई. इंजिन सुरू केलं, की गाण्याशेजारी कुणी चणे भाजायला बसावं तसा तडतडाट होई. वकीलसाहेब गाडी मुंबईला दुरुस्तीला पाठवणार होते, तेवढ्यात आमच्या पदार्थविज्ञानाच्या सरांनी त्यांना माझं नाव सुचवलं.

मी लगेच हो म्हणालो, त्याला कारण होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील तांबट. त्यांना आम्ही दादा म्हणत असू. हंडे-घागरी ठोकून त्यांचे कान अर्धे गेले होते. इंटरपर्यंत शिकू देतो असं त्यांनी कबूल केलं होतं, आणि इंटरची परीक्षा आता झाली होती. पुढे शिकण्याची गोष्ट मी दोनदा काढली. "त्या पुस्तकांतून हाताला काय येतं, ते एकदा दिसू दे," एवढंच ते म्हणाले. रागाने नव्हे. मग मी ठरवलं, हा रेडिओ नीट करायचा आणि दादांना गाडीत बसवून दाखवायचा.

सरांनी कारण समजावून सांगितलं. इंजिनात सारखी ठिणगी पडते, तिचा त्रास रेडिओला होतो. इंजिन, बॉनेट आणि गाडीचा सांगाडा तांब्याच्या पट्ट्यांनी घट्ट जोडले, तर तो बराच कमी होतो. "सांधे मात्र लख्ख हवेत," ते म्हणाले.

तांबं लख्ख करणं मला कॉलेजात शिकावं लागणार नव्हतं. घरून पट्ट्या नेल्या, चिंच आणि मीठ लावून घासल्या. विजेच्या कामात पाणी नको, असं मनाशी म्हणत त्या न धुताच कोरड्या फडक्याने पुसल्या आणि बोल्ट आवळले. गाडी फिरवून पाहिली तर तडतड जवळजवळ गेली होती. दादांना मी रविवारी यायला सांगितलं.

शनिवारी सकाळी वकीलसाहेबांचं बोलावणं आलं.

"काय हो कॉलेजवाले, चणे परत भाजायला लागलेत. आता शेंगदाणेही घातलेत वाटतं!"

बॉनेट उघडलं. प्रत्येक सांध्यावर हिरवा थर धरला होता. काय चुकलं ते मला तिथेच कळलं. गुपचूप पट्ट्या बदलता आल्या असत्या. पण पुन्हा चुकलं तर उद्या दादांसमोरच चुकणार होतं. पट्ट्या सोडवल्या आणि घरी जाऊन त्यांच्यापुढे ठेवल्या.

दादांनी एक पट्टी उजेडात धरली. "चिंच लावलीस. धुतली नाहीस?"

"विजेचं काम, पाणी कसं लावायचं?" मी मोठ्याने म्हणालो.

"गाडीत बसवल्यावर धुवायची होती काय? आपल्याकडे सात वर्षांच्या पोराला कळतं हे!"

आत आई हसली.

"टोकांना कथील चढव," दादा म्हणाले. "मग हिरवं धरणार नाही. आणि कथील धरायला नवसागर नको, चिंचेसारखा तोही तांबं खातो. राळ घे."

त्या दिवशी मी पट्ट्या तीन वेळा धुतल्या, सुकवल्या आणि राळ लावून टोकांना कथील चढवलं. दादांनी दोन नापास केल्या. त्या पुन्हा केल्या.

रविवारी संध्याकाळी दादा धुतलेली टोपी घालून वकीलसाहेबांशेजारी बसले, गादीच्या अगदी कडेला. मी मागे. गाडी सिन्नरच्या रस्त्याला लागली. गाणं सुरू होतं आणि तडतड नव्हती. दादांना त्यातलं कितीसं ऐकू येत होतं कोण जाणे. त्यांनी रेडिओच्या जाळीवर तळवा ठेवला, घागर ठोकताना ठेवत तसा.

"गाणं चाललंय ना?"

"हो, दादा."

"मग हे खाली काय थरथरतंय? हे गाण्यातलं नाही."

गाडी थांबवून मी वाकून पाहिलं. जाळीमागचा पत्रा सैल होता. माझ्या जुन्या वहाणेच्या चामड्याचा तुकडा कापून मी त्यात घट्ट बसवला, तशी गाणाऱ्याच्या खालच्या सुरातली घरघरही गेली. ती इतके दिवस मी आणि वकीलसाहेबांनी गाण्यातलीच धरली होती.

"आणि म्हणे तुम्हाला ऐकू येत नाही!" वकीलसाहेब म्हणाले.

"काय म्हणाले?" दादांनी मला विचारलं.

घरी आम्ही चालत निघालो. वाटेत दादा म्हणाले, "ती ठिणगी रेडिओत शिरते कशी? मधे तार तर नाही."

मी सांगायला लागलो. दोन वाक्यांत अडलो. पुढचं रचून सांगता आलं असतं, पण तसं करवेना.

"ते मला नीट येत नाही, दादा. पुढच्या वर्षाला आहे."

त्यांनी कानामागे हात धरून मला पुन्हा बोलायला लावलं. मी पुन्हा, मोठ्याने बोललो.

"मग शिकून ये," ते म्हणाले. "आणि मला सांग. सुट्टीत मात्र हातोडी उचलायची."